आशीर्वचन आणि प्रतिवचन : आयरिश भाषेतील भाग्यविषयक उक्तींचे स्वरूप

लोकवाङ्मयाच्या अभ्यासात म्हणींना जेवढा मान मिळाला, तेवढा आशीर्वचनांच्या वाट्याला आलेला नाही. म्हण अनुभवाचे सार सांगते, म्हणून ती विचाराच्या कक्षेत येते. आशीर्वचन हे केवळ शिष्टाचाराचे, म्हणून त्याची नोंद करावी आणि पुढे जावे, अशी समजूत रूढ झाली आहे. आयरिश आशीर्वचनांच्या बाबतीत याहून निराळी आपत्ती ओढवली. इंग्रजी भाषांतराच्या द्वारे ती जगभर पसरली. १७ मार्च रोजी येणाऱ्या संत पॅट्रिकच्या सणानिमित्त भेटपत्रांवर, भिंतीवरील चौकटींत, चहाच्या पेल्यांवरदेखील ती छापली जाऊ लागली. उपेक्षेने जी हानी झाली नसती ती या प्रसिद्धीने झाली. संभाषणातून उचलून घेतलेली ही वचने सुटी कविता म्हणून वाचली जाऊ लागली, आणि त्यांतून एका भाविक, हसतमुख व दैवावर विसंबलेल्या लोकसमाजाचे चित्र उभे राहिले.

हे चित्र चुकीचे आहे, आणि ते कोठे चुकते हे भाषेच्या अभ्यासकाला दाखविता येते. आयरिश भाषेतील आशीर्वचन ही स्वयंपूर्ण रचना नव्हे. ते एका देवघेवीचे अर्धे अंग होय. भाग्य हेही त्या भाषेच्या दृष्टीने माणसाच्या गाठीस असलेली वस्तू नसून त्याच्यावर येणारी, त्याच्यासवे चालणारी आणि बव्हंशी दुसऱ्याच्या मुखाने त्याला लाभणारी स्थिती होय. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे ज्या उक्ती भेटपत्रावर केवळ गोड वाटतात, त्यांच्यामागे किती मोठी धास्ती आणि केवढी जबाबदारी उभी आहे हे कळून येते.

१

प्रथम व्याकरणाचा विचार करू जाता असे दिसते की, आयरिश भाषेत आशीर्वादासाठी क्रियापदाचे एक स्वतंत्र इच्छार्थी रूप आहे. 'गो' या अव्ययानंतर ते रूप येते. निषेध करावयाचा असल्यास 'नार' हे अव्यय योजतात. प्राचीन आयरिशमध्ये या रूपाचे कार्यक्षेत्र विस्तृत होते; गौण वाक्यांतही ते सर्रास येई. आधुनिक भाषेत ते पुष्कळच आक्रसले असून त्याचा जिवंत उपयोग मुख्यत्वे इच्छा, आशीर्वाद आणि शाप एवढ्यापुरता उरला आहे. म्हणजे आशीर्वचनांनी व्याकरणातील एक जुने दालन आपल्या वापराने उघडे ठेवले आहे. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. 'देव तुझे भले करो', 'तुला यश येवो' या वाक्यांतील ओकारान्त रूपे आपणही नित्याच्या बोलण्यात फारशी वापरीत नाही. आशीर्वाद आणि शाप यांच्यासाठीच ती राखून ठेवल्यासारखी झाली आहेत.

परंतु आयरिश भाषेत हे रूप केवळ विशेष प्रसंगापुरते नाही. 'आभारी आहे' या अर्थाचा जो रोजचा शब्दप्रयोग, 'गो रेव माह अगत', त्याचा शब्दशः अर्थ 'तुझ्यापाशी चांगले असो' असा आहे. दुकानातून मीठ घेतले, कोणी वाट दाखविली, तरी उपकाराची परतफेड आशीर्वादाने होते. आभार मानणारा स्वतःच्या भावनेविषयी काही सांगत नाही. तो समोरच्याच्या भवितव्याविषयी बोलतो. इंग्रजी भाषांतरात हा भेद पूर्णपणे लोपतो.

अभिवादनाचा प्रकार याहून बोलका आहे. भेटणारा 'दीअ ग्वित' म्हणतो. 'देव तुला आशीर्वाद देवो' या दीर्घ वाक्याचा हा संक्षेप. यावर तेच शब्द परत करणे पुरत नाही. उत्तर देणारा देवाबरोबर मेरीचे नाव जोडतो. त्यावरही प्रत्युत्तर द्यावयाचे झाल्यास संत पॅट्रिकचे नाव वाढते. घेतले त्याहून थोडे अधिक परत करावे, हा येथील नियम आहे. मालिनोव्स्कीने १९२३ मध्ये ज्याला केवळ सहवास जोडणारे बोलणे म्हटले, ज्यातील शब्दांच्या अर्थाला विशेष महत्त्व नसते, त्या वर्गात हे अभिवादन घालण्याचा मोह होतो. तथापि ते वर्गीकरण येथे अपुरे पडते. शब्दांचा अर्थ जर उदासीन असता, तर उत्तरात एका नावाची भर घालण्याचे कारण नव्हते. येथे शब्द मोजले जातात; आणि जे मोजले जाते ते मोलाचे असते. ऑस्टिनच्या १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांनी बोलणे हीच एक कृती असू शकते हा विचार दृढ केला. आयरिश आशीर्वचन त्या विचाराचे उत्तम उदाहरण आहे. मात्र त्यात एक दुरुस्ती करावी लागते. ही कृती एकट्या बोलणाऱ्याने पुरी होत नाही. प्रतिवचन आले म्हणजेच ती पुरी होते.

२

आता सर्वांत प्रसिद्ध झालेल्या आशीर्वचनाकडे वळता येईल. प्रवासास निघालेल्या माणसाला आयरिश भाषेत 'गो नायरी अन् बोहर ल्यत' असे म्हणतात. यातील 'बोहर' म्हणजे रस्ता. 'आयरी' या क्रियापदाचा मूळ अर्थ उठणे, वर येणे असा आहे. परंतु त्याच्या जोडीला 'सह' या अर्थाचे शब्दयोगी अव्यय आले म्हणजे त्याचा अर्थ साधणे, यश लाभणे असा होतो. तेव्हा संपूर्ण वाक्याचा भाव 'हा रस्ता तुला साधो', 'तुझा प्रवास सुफल होवो' इतका सरळ आहे. इंग्रजी भेटपत्रावर मात्र रस्ता जागचा उठतो आणि प्रवाशाला सामोरा येतो. मराठीतील 'उठून दिसणे' हा वाक्प्रचार जर कोणी 'आधी उठला आणि मग दिसला' असा परभाषेत नेला, तर जे घडेल तेच येथे घडले आहे.

या चुकीची थट्टा करून भागणार नाही. उठून सामोरा येणारा रस्ता ही प्रतिमा सुंदर आहे, आणि चुकीच्या भाषांतरातून कविता जन्मास येऊ नये असा काही नियम नाही. आक्षेप निराळा आहे. मूळ वाक्याचा भार 'ल्यत', म्हणजे 'तुझ्यासवे', या शेवटच्या शब्दावर आहे. तेथे कोणी एक माणूस दुसऱ्या माणसाला उंबऱ्यावर उभा राहून बोलत आहे. इंग्रजी रचनेत भार प्रतिमेवर गेला आणि माणूस निमित्तमात्र उरला. पुढे त्या प्रतिमेच्या जोडीस पाठीमागचा वारा आला, चेहऱ्यावरचे ऊन आले, शेतावरचा पाऊस आला. उंबऱ्यावरचे बोलणे निसर्गवर्णन झाले. ज्याला प्रतिवचन देता येत नाही असे ते आशीर्वचन झाले.

भाग्यवाचक शब्दांची व्यवस्था पाहिली म्हणजे हा 'सह' किती महत्त्वाचा आहे ते कळते. आयरिश भाषेत 'तो भाग्यवान आहे' असे सांगताना 'भाग्य त्याच्यावर आहे' किंवा 'भाग्य त्याच्यासवे आहे' अशी रचना करतात. आनंद, दुःख, भूक, लाज हीदेखील माणसावर येतात. मालकी दाखविण्यासाठी 'पाशी' या अर्थाचे निराळे अव्यय त्या भाषेत आहे. परंतु सुदैवाची गोष्ट निघाली की 'वर' आणि 'सह' हीच अव्यये पुढे येतात. जे वर आले ते उतरू शकते, जे सोबत चालले ते वाटेत सोडूनही जाऊ शकते. भाग्याची ही अस्थिरता त्या भाषेच्या शब्दयोगी अव्ययांतच साठविलेली आहे.

भाग्यासाठी तेथे एकच शब्द नाही. 'सोनस' आणि 'दोनस' ही जोडी सुख-सुदैव आणि दुःख-दुर्दैव यांची. यांतील आद्य 'सो' आणि 'दो' हे उपसर्ग संस्कृतातील 'सु' आणि 'दुस्' यांचे सगोत्र होत. 'सुदैव' व 'दुर्दैव' म्हणताना मराठी भाषिक ज्या प्राचीन विरोधाचा उपयोग करतो, तोच अटलांटिकच्या काठावरील शेतकरी करीत आला आहे. उलटपक्षी, आशीर्वाद आणि शाप यांचे वाचक शब्द, 'ब्यनख्त' आणि 'मलख्त', हे लॅटिनमधून, ख्रिस्ती धर्माबरोबर आलेले आहेत. शब्द परका आणि त्याने जे मागावयाचे ते भाग्य मात्र देशी नावाचे, असा हा संयोग आहे. आयरिश आशीर्वचनांत देव, मेरी आणि संत यांच्या शेजारी गाईचे दूध, लोणी आणि वाटेवरची चाहूल सुखाने नांदतात, याचे एक कारण या शब्दसंयोगात सापडते.

उरलेले दोन शब्द अधिक विचार करावयास लावणारे आहेत. पहिला 'आध', ज्याच्या लेखनात शेवटी व्यंजने असली तरी उच्चारात सामान्यतः दीर्घ 'आ' एवढेच ऐकू येते, दुसरा 'राह'. पहाटे उठण्यापेक्षा भाग्य बरे, अशा अर्थाची एक म्हण आहे. तीत 'आध' हा शब्द येतो. जेथे शिस्त तेथेच भरभराट, अशा अर्थाची दुसरी म्हण आहे. तीत 'राह' हा शब्द येतो. दोन्ही म्हणी शेजारी ठेवल्या तर लोकमत परस्परविरोधी आहे असे म्हणून अभ्यासक मोकळा होतो. परंतु या दोन म्हणी एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत. 'आध' हे अवचित येणारे भाग्य. 'राह' ही टिकणारी, वाढणारी भरभराट. या सीमा वापरात काटेकोर राहत नाहीत हे खरे. तरी 'राह' या शब्दाचा इतिहास हा भेद दृढ करतो. प्राचीन आयरिशमध्ये त्याचा अर्थ देणे, बहाल करणे असा होता. जुन्या कायद्याच्या भाषेत सरदार आपल्या आश्रिताला जी गुरे व जी संपत्ती देई तिलाही हेच नाव होते, आणि ती घेणारा सेवेने व उत्पन्नाने बांधला जाई. याच शब्दाला कृपा आणि भरभराट हे अर्थही होते. भाग्य म्हणजे कोणीतरी दिलेले, आणि म्हणून ज्याचे उतराई व्हावयाचे आहे असे काही, ही कल्पना शब्दाच्या मुळाशीच आहे.

मराठी भाषांतरकाराने येथे सावध राहावे. 'दैव' किंवा 'नशीब' हे शब्द या ठिकाणी सहज सुचतात, पण ते फसवे आहेत. आपल्या बोलण्यात नशीब बहुधा आधीच ठरलेले, कपाळी लिहिलेले असते. 'राह' या शब्दाला त्यातल्या त्यात जवळचा मराठी शब्द 'बरकत' हा होय. बरकत येते, टिकते आणि जाते. ती धंद्याला असते, हाताला असते. आणि मूळ अरबी शब्दाचा अर्थही आशीर्वाद असाच आहे.

३

भाग्य हे वर येणारे आणि उतरणारे असल्यामुळे ते उतरू नये याची काळजी घेणे ओघानेच आले. आयर्लंडच्या ग्रामीण जीवनातील कित्येक चालीरीती याच काळजीतून निघालेल्या आहेत. घरात लोणी काढण्याचे काम चालू असता कोणी आत आला, तर त्याने कामाला देवाचा आशीर्वाद द्यावयाचा आणि घुसळण्याला थोडा हात लावावयाचा. तसे न करता तो निघून गेला तर घरचे लोणी, म्हणजेच घरची बरकत, त्याच्याबरोबर गेली असे मानीत. काम करणाऱ्याजवळून जाताना 'बल ओ यीअ अर अन् ओबर', 'या कामावर देवाची कृपा असो', असे म्हणण्याचा रिवाज होता. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातून दूध किंवा विस्तव बाहेर देत नसत. जनावरांच्या बाजारात सौदा पुरा झाल्यावर विकणारा आपल्याला मिळालेल्या रकमेतील थोडा भाग घेणाऱ्याला परत देई. त्याला भाग्याचे नाणे म्हणत. पैशाचा हिशेब चुकता झाला तरी दोन माणसांतील संबंध चुकता होऊ नये, असा त्यामागचा भाव दिसतो. अभिवादनात उत्तराची भर आणि बाजारात रकमेची परतफेड, ही दोन्ही एकाच व्यवहाराची रूपे आहेत.

सर्वांत कडक नियम स्तुतीविषयी होता. मूल, वासरू, पीक यांची नुसती प्रशंसा करणे धोक्याचे. प्रशंसेला आशीर्वादाची जोड दिलीच पाहिजे. तशी जोड न देणाऱ्याची दृष्ट लागते असे मानीत. दृष्टीची कल्पना महाराष्ट्रातही आहे; परंतु आपल्याकडे तिच्यावरचा उपाय मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या हाताकडे अधिक आहे, तेथे तो बोलणाऱ्याच्या जिभेकडे अधिक आहे. ज्याने शब्द उच्चारला त्यानेच तो पुरा करावयाचा. अपुऱ्या शब्दाची ही धास्ती ध्यानात आली म्हणजे 'आयरिश लोकांचे भाग्य' हा इंग्रजीतील सैल वाक्प्रचार किती वरवरचा आहे ते कळते. ज्यांना आपल्या भाग्याविषयी खात्री असते ते लोक पावलोपावली आशीर्वाद मागत नाहीत.

इतिहासानेही तशी खात्री बाळगण्याचे कारण दिले नाही. १८४५ ते १८५२ या काळातील दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्यू पावली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. जनगणनेत भाषेचा प्रश्न प्रथम १८५१ मध्ये विचारला गेला, तेव्हा आयरिश बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १५ लाख भरली. १८९१ मध्ये ती सुमारे ६ लाख ८० हजारांवर आली. डग्लस हाइड आणि त्याचे सहकारी यांनी १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन केली ती या पार्श्वभूमीवर. हाइडने कॉनाक्ट प्रांतातील प्रार्थना, आशीर्वाद आणि शाप यांचा संग्रह १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९३५ मध्ये लोकविद्या आयोग स्थापन झाला आणि १९३७ पासून सुमारे पाच हजार शाळांतील मुलांनी आपल्या घरच्या व शेजारच्या वृद्धांकडून ऐकलेले वाङ्मय वह्यांत उतरविले. या कार्याचे मोल वादातीत आहे. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. संग्रहाच्या पानावर आशीर्वचन उतरते, पण ते कोणी कोणास म्हटले आणि उत्तर काय आले हे पुष्कळदा उतरत नाही. पानावर उरलेले वाक्य भेटपत्राच्या दिशेने अर्धी वाट चाललेले असते.

४

आशीर्वचनाची ही दुसरी, न लिहिली जाणारी बाजू एका नाटककाराने पकडली. जॉन मिलिंग्टन सिंग हा १८९८ ते १९०२ या काळात पाच वेळा अॅरन बेटांवर जाऊन राहिला. त्या वास्तव्यावरील त्याच्या १९०७ च्या पुस्तकात एका मुलाची गोष्ट आहे. रस्त्यावर त्या मुलाला पाहून शेजारीण त्याची वाखाणणी करते; आई देवाचा आशीर्वाद उच्चारू पाहते, परंतु शब्द तिच्या घशात अडकतात; पुढे ते मूल दगावते. बेटावरील माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट पऱ्यांची. सिंगने तिच्यातील मर्म ओळखले आणि १९०४ मध्ये डब्लिन येथे रंगभूमीवर आलेल्या 'रायडर्स टु द सी' या एकांकिकेचा कणा त्यातून घडविला.

या एकांकिकेत समुद्राने मॉर्याचे नवरा, सासरा आणि एकामागून एक मुलगे घेतले आहेत. शेवटचा मुलगा बार्टली घोडे विकण्यासाठी निघतो. दारातून जाताना तो आईला देवाचा आशीर्वाद देऊन जातो. आई उत्तर देत नाही. तिच्या मनात रोष आहे, भीती आहे. त्याने जाऊ नये असे तिला वाटते, आणि निरोपाचा आशीर्वाद देणे म्हणजे त्याच्या जाण्याला संमती देणे होय. मुलगी कॅथलीन तिला बोल लावते : घरावर आधीच दुःख असताना जाणाऱ्याच्या पाठीमागे अपशकुनी शब्द का पाठविलास? तिने पाठविला आहे तो शब्द मुख्यत्वे मौनाचा. त्याला देण्याची राहून गेलेली भाकरी घेऊन तिने झऱ्यापाशी जावे आणि वाटेत गाठून आशीर्वाद द्यावा, म्हणजे तो अशुभ शब्द मोडेल, असे मुली सुचवितात. मॉर्या जाते. बार्टली तांबड्या घोडीवरून येतो, पुन्हा आशीर्वाद देतो. ती बोलू पाहते आणि शब्द घशातच राहतात. त्याच्या मागच्या करड्या घोड्यावर तिला बुडून मेलेला मायकेल दिसलेला असतो. बार्टली परत येतो तो प्रेतरूपाने.

समीक्षकांनी या एकांकिकेची तुलना वारंवार ग्रीक शोकान्तिकेशी केली आणि तिच्यातील नियतीवर भर दिला. ती तुलना अयोग्य नव्हे. परंतु तिच्यामुळे नाट्याचे स्थान चुकते. समुद्र अटळ आहे, हे पहिल्या वाक्यापासून प्रेक्षकाला ठाऊक असते. जे अटळ नव्हते ते एकच : प्रतिवचन. बार्टली दोनदा आपला अर्धा भाग पुरा करतो आणि दोनदा तो अनुत्तरित राहतो. शेवटी सर्व मुलगे गेल्यावर मॉर्याची वाचा मोकळी होते. ती प्रेतावर पवित्र जल शिंपडते, बार्टलीसाठी आणि साऱ्या मृतांसाठी देवाची करुणा मागते, आणि मग जगात जो जो जिवंत आहे त्या प्रत्येकासाठी मागते. एका मुलाला जो आशीर्वाद देता आला नाही तो आता सर्वांना मिळतो. आशीर्वादाने भाग्य बदलण्याची वेळ निघून गेल्यावरही आशीर्वाद देण्याचे कर्तव्य उरते, हा या शेवटाचा अर्थ होय. आणि म्हणूनच त्यात शरणागतीपेक्षा एक प्रकारची भरपाई अधिक आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. नित्याच्या वापराने झिजलेल्या सूत्रांवर एवढा अर्थ लादता येईल काय? आभार मानणारा आयरिश माणूस 'तुझ्यापाशी चांगले असो' असे मनात आणून बोलत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सूत्राची परीक्षा त्याच्या उच्चाराने होत नाही. ती त्याच्या अभावाने होते. शब्द उच्चारले तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही, पण गाळले तेव्हा सर्वांचे गेले, तर ते शब्द झिजलेले असले तरी मेलेले नाहीत. मॉर्याच्या मौनाकडे कॅथलीनचे लक्ष तत्काळ जाते. सूत्र जिवंत असल्याचा याहून निर्णायक पुरावा मिळणे कठीण.

आणि हा पुरावा इंग्रजी भाषेत लिहिलेल्या नाटकातून मिळतो, ही गोष्ट भाषांतराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. सिंगची इंग्रजी आयरिश वळणाची आहे. तिच्यात दुःख माणसांवर असते, आशीर्वाद माणसावर येतो. भेटपत्रही इंग्रजीच, आणि तेही आयरिश शब्दांवरूनच बनलेले. एकाने क्रियापदाचा मूळ अर्थ आणला आणि माणसांमधील नाते मागे ठेवले. दुसऱ्याने प्रतिमेचा सोस न करता ते नाते आणले, त्यातील अपुरेपणाच्या भीतीसह आणले. भाषांतराची निष्ठा शब्दाशी असावी की भावाशी, हा जुना वाद येथे थोडा बाजूला सरतो. आशीर्वचनाच्या बाबतीत निष्ठा ऐकणाऱ्याशी असावी लागते : भाषांतरित वाक्य ऐकून कोणाला उलट बोलावेसे वाटते काय, हीच त्याची कसोटी. 'रस्ता तुला साधो' हे मराठी वाक्य रूपाने साधे आहे, त्यात उठणारा रस्ता नाही. पण ते ऐकून निघणारा माणूस उंबऱ्यावर क्षणभर थांबेल आणि मागे राहणाऱ्यासाठी काही तरी बोलेल.